वाचक विचारतात : खांबातला हात वर का येत नाही?

जुन्या गाड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी निवडलेली सगळी एकाच भागाबद्दल आहेत. दोन दारांमधल्या खांबातून बाहेर येऊन वळण दाखवणारा, केशरी दिव्याचा हात. इंग्रजीत त्याला ट्रॅफिकेटर किंवा सेमाफोर म्हणतात, गॅरेजात नुसतं ‘हात’. आपल्याकडे तो मॉरिस मायनर आणि तिचीच बहीण असलेल्या बेबी हिंदुस्थानवर दिसतो. जुन्या ऑस्टिन, फोर्ड प्रिफेक्ट आणि क्वचित एखाद्या बीटलवरही असतो. भाग छोटा आहे, पण निष्काळजीपणे उघडला की कायमचा जातो, म्हणून उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९५१ सालची मॉरिस मायनर आहे, १२ व्होल्टची. गेल्या वर्षी गाडीला पूर्ण नवा रंग दिला. डावा हात ठणठणीत आहे. उजवा अर्ध्यावर येतो आणि थरथरत राहतो. बाहेरून बोटानं उचलला तर वर जातो आणि टिकतो. मिस्त्री म्हणतात कॉइल गेली, वाइंडिंग करून घ्या. करावं का?
– राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात अजिबात नको. बोटानं उचलल्यावर हात वर टिकतो, म्हणजे तुमची कॉइल जिवंत आहे. कमी पडते आहे ती सुरुवातीची ओढ.

हात कसा चालतो ते आधी पाहू. कॉइलच्या पोकळीत लोखंडी दट्ट्या असतो, त्याला प्लंजर म्हणतात. स्विच दिला की प्लंजर आत ओढला जातो. त्या हालचालीच्या पहिल्या टप्प्यात हाताला मिटून धरणारा खटका सुटतो आणि पुढच्या टप्प्यात हात उचलला जातो. अडचण अशी की प्लंजर कॉइलच्या बाहेर असतो तेव्हा चुंबकाची ओढ सगळ्यात कमी असते आणि तो आत जाईल तशी ती झपाट्यानं वाढते. म्हणजे खटका सोडवून हात हलवायचा, हे सगळ्यात जड काम सगळ्यात कमी ताकदीच्या क्षणी करायचं असतं. त्यामुळे व्होल्टेज थोडा कमी पडला, अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाणारी विजेची वाट) थोडा कच्चा असला किंवा खटक्यात थोडं जुनं ग्रीस घट्ट झालं, तरी हात अर्ध्यावर अडतो. दोष या तिन्हींपैकी कुठला ते शोधायचं, आणि तेही या क्रमानं : आधी अर्थ, मग व्होल्टेज, मग यंत्रणा.

नवा रंग झाला आहे, म्हणून आमचा पहिला संशय अर्थवरच. ट्रॅफिकेटरला तार एकच येते. परतीचा प्रवाह त्याच्या पत्र्याच्या चौकटीतून, ती बसवणाऱ्या स्क्रूंमधून खांबाच्या पत्र्यात जातो. रंगकाम करताना खांबाच्या आतल्या बाजूला प्रायमर आणि रंग बसतो, स्क्रू त्याच्यावरच आवळले जातात, आणि वाट बंद होते. तपासायला दीड चौरस मिलिमीटरची दोन-तीन मीटर तार आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा घ्या. एक टोक ट्रॅफिकेटरच्या चौकटीच्या उघड्या धातूला लावा, दुसरं बॅटरीच्या अर्थ केलेल्या टोकाला. मायनरमध्ये हे टोक पॉझिटिव्ह असतं, हे विसरू नका. आता इग्निशन देऊन स्विच टाका. हात ताडकन वर आला तर दोष सापडला.

मग स्क्रू काढा, त्यांच्या डोक्याखालचा आणि चौकटीच्या कानाखालचा रंग घासकागदानं चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा म्हणजे गंज चढणार नाही. खांबाच्या आत जागा असेल तर चौकटीपासून बॉडीच्या एखाद्या चांगल्या बोल्टपर्यंत अर्थची वेगळी तारच घाला. बाहेरून काही दिसत नाही आणि प्रश्न पुन्हा उद्भवत नाही.

तरीही हात अडत असेल तर मल्टिमीटर घ्या. ट्रॅफिकेटरला येणाऱ्या तारेच्या टोकावर आणि त्याच्या चौकटीवर व्होल्टेज मोजा, पण स्विच चालू असताना, तार जोडलेली असताना. तार सोडून मोजलं की मीटर पूर्ण बारा दाखवतो आणि माणूस फसतो. गंजाचा पापुद्रा मीटरच्या नगण्य प्रवाहाला अडवत नाही, कॉइलच्या प्रवाहाला अडवतो. बॅटरीवर जो आकडा आहे त्यापेक्षा इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसला तर वाटेत कुठेतरी तो गळतो आहे. फ्यूजच्या पितळी चिमट्यांवरचा हिरवा थर, स्विचचे काळवंडलेले संपर्कबिंदू आणि खांबाखालचा गोळीचा कनेक्टर (तारा जोडणारी बुलेटच्या आकाराची जोडणी), या तीन जागा आधी बघा.

वीज ठीक निघाली तर मात्र यंत्रणा काढावी लागेल. आधी बॅटरीची अर्थची तार सोडा. खांबाच्या आतलं आवरण काढा, कनेक्टर ओढा, स्क्रू काढा आणि युनिट हलकेच बाहेर घ्या. बाहेर काढण्याआधी हाताच्या रंगावर एखादी लांब ओरखड्याची रेघ आहे का ते बघा. असेल तर हात खाचेच्या कडेला घासतो आहे. पोस्टकार्डाची पट्टी कापून हाताच्या दोन्ही बाजूंनी फिरवली की कुठे अडतं ते कळतं. चौकटीखाली पातळ वॉशर घालून युनिट मध्यावर आणायचं, खाच कानस लावून रुंद करायची नाही.

बाहेर काढलेलं युनिट गाडीत ज्या स्थितीत असतं तसंच उभं धरून थेट बॅटरीवर लावा, एक-दोन सेकंदच. गाडीत अडतो आणि इथे झेपावतो तर गुन्हेगार गाडीत आहे. इथेही अडला तर साफसफाई. जुनं तेल, धूळ आणि रंगाची भुकटी यांचा खटक्याभोवती तपकिरी डिंक झालेला असतो. बारीक ब्रश पेट्रोलमध्ये बुडवून, झटकून, खटका, बिजागरीची पिन आणि प्लंजर पुसून घ्या. उघड्यावर, आगीपासून लांब आणि बॅटरी बाजूला ठेवून. कॉइलवर पेट्रोल ओतायचं नाही. थिनर तर जवळही आणू नका, तारेवरचं जुनं वार्निश त्यात विरघळतं. प्लंजरला घासकागद लावू नका. तो कापडानं पुसून पूर्ण कोरडा ठेवायचा.

तेल फक्त एका ठिकाणी : हात आणि यंत्रणा यांच्यामधल्या खटक्याच्या पिनेवर, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकानं. जास्त झालेलं तेल कॉइलमध्ये उतरतं, धूळ धरतं, आणि सहा महिन्यांत हात पुन्हा अर्ध्यावर थांबतो. स्प्रेच्या डब्यातून भसाभसा फवारलेलं तेल हे बिघडलेल्या ट्रॅफिकेटरचं फार मोठं कारण आहे. पहिल्या दिवशी गुण येतो, म्हणून लोक फसतात.

प्रश्न : आमच्या गाडीचा डावा हात बराच वेळ वर राहिला आणि जळका वास आला. आता काहीच हालचाल नाही. उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करणारे ओळखीचे आहेत. त्यांना काय सांगून द्यावं? तार कुठली?
– शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : वास आला म्हणजे बहुधा कॉइलच गेली. तरी वेढे उकलण्याआधी एक गोष्ट बघा. कॉइलची बाहेरची शेपटी जिथे टर्मिनलला डाख देऊन जोडलेली असते, तिथे ती बऱ्याचदा तुटते. मल्टिमीटरवर पूर्ण तुटलेली दिसणारी कॉइल निव्वळ त्या एका डाखानं जिवंत होऊ शकते.

कॉइलचा विरोध (रेझिस्टन्स) मोजताना आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवा, जो काही आकडा येईल तो नंतर वजा करा. या कॉइलचा विरोध इतका थोडा असतो की सुयांच्या तारांचा विरोधही हिशेबात धरावा लागतो. मोजमाप कशाशी ताडायचं? तुमच्याच गाडीच्या चांगल्या हाताशी. दोन्ही युनिटं एकाच बनावटीची असतील तर उजव्याची कॉइल हाच तुमचा नमुना. मोजताना बल्ब काढून ठेवा, नाहीतर त्याचा विरोधही समांतर जोडला जाऊन आकडा खोटा येतो. चांगल्या बाजूपेक्षा आकडा खूप कमी आला तर आत तारेवरचं आवरण जळून वेढे एकमेकांना टेकले आहेत.

आता वाइंडरला काय सांगायचं. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये हात बसलेल्या माणसाला ही कॉइल सोपी वाटते, आणि चूक तिथेच होते. ‘जरा जास्त वेढे मारतो, ओढ वाढेल’ असं तो आपुलकीनं म्हणेल. वाढत नाही. बॅटरीचा व्होल्टेज ठरलेला असताना कॉइलची ओढ ठरते ती तारेच्या जाडीवर आणि एका वेढ्याच्या सरासरी लांबीवर. वेढे वाढवले की त्याच प्रमाणात विरोध वाढतो, प्रवाह कमी होतो आणि गुणाकार तिथल्या तिथे राहतो. जास्त वेढ्यांचा उपयोग एवढाच की कॉइल कमी तापते. कमी वेढे मारले तर ओढ तेवढीच, पण कॉइल जळायला मोकळी. जाड तार घेतली तर ओढ वाढते आणि तापही. बारीक घेतली तर हात वरच येत नाही. म्हणून तारेची जाडी मूळचीच हवी आणि वेढे मूळच्या संख्येपेक्षा कमी नकोत.

जाडी मोजायला मायक्रोमीटर लागतो, व्हर्निअरवर भागत नाही. जुन्या तारेचा न जळलेला तुकडा घ्या, त्यावरचं एनॅमल (वीजरोधक लेप) ब्लेडनं हलकं खरवडून काढा आणि दोन-तीन ठिकाणी मोजा. एनॅमलसकट मोजलं तर काही शतांश मिलिमीटर जास्त येतात आणि दुकानदार एक नंबर जाड तार देतो. वेढे उकलताना मोजायचे. पण जळलेली कॉइल एकसंध उकलत नाही, तुकडे पडतात. तेव्हा सगळे तुकडे जपून ठेवा आणि गुजरीत एखाद्या सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्यावर हे काम होणार नाही. वजनावरून लांबी निघते. हिशेबासाठी एक उदाहरण : ०.४० मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला सुमारे १.१३ ग्रॅम भरते आणि मीटरला तिचा विरोध सुमारे ०.१४ ओहम असतो. म्हणजे अशी ३० ग्रॅम तार साधारण साडेसव्वीस मीटर झाली आणि तिचा विरोध ३.६ ओहमच्या आसपास. तुमच्या कॉइलची जाडी यापेक्षा वेगळी असू शकते, मोजून घेतलेला आकडाच धरा. वजन, लांबी आणि चांगल्या बाजूचा विरोध हे तिन्ही एकमेकांशी जुळले की काम बरोबर झालं समजा.

गुंडाळताना वेढ्याला वेढा चिकटून, थर सपाट हवा. सैल गुंडाळलेली कॉइल फुगते आणि लोखंडी चौकटीत परत बसत नाही, मग ती ठोकून बसवताना एनॅमल सोलतं. बॉबिनवर (तार गुंडाळायच्या रिळावर) आधी लेदरॉइड या वीजरोधक कागदाचा एक वेढा, शेवटच्या थरावर सुती टेप, दोन्ही शेपट्यांना स्लीव्ह. वार्निश हवेवर वाळणारं वापरा. मोटारीची कॉइल भट्टीत भाजतात तशी ही भाजायला देऊ नका, सत्तर वर्षांपूर्वीचं बॉबिन ती उष्णता सोसेल याची खात्री नसते. आणि वार्निशात बुडवताना मधल्या पोकळीत कागदाची सुरळी घालून ठेवा. आत उतरलेलं वार्निश वाळलं की प्लंजर अडकतो, आणि इतकं चांगलं वाइंडिंग करून हात पुन्हा अर्ध्यावर.

ही कॉइल सतत चालू ठेवण्यासाठी केलेलीच नसते. वळण्यापुरते काही सेकंद, एवढंच तिचं काम. दाभोळकर कॉर्नरसारख्या चौकात लांब सिग्नलला थांबलात तर हात मिटवा आणि गाडी हलवायच्या वेळी पुन्हा काढा. वळणानंतर स्विच आपोआप परत येत नसेल तर तोही दुरुस्त करून घ्या, कॉइल जळण्यामागे बहुतेक वेळा परत न आलेला स्विच असतो.

प्रश्न : माझी प्रिफेक्ट मूळची ६ व्होल्टची. आधीच्या मालकानं १२ व्होल्टची केली, पण हात तसेच ठेवले. चालतात, आणि खरं तर जोरात चालतात. चालू द्यावेत का?
– इचलकरंजी

उत्तर : नाही, आजच बंद करा. दुप्पट व्होल्टेजला प्रवाह दुप्पट होतो आणि उष्णता चौपट. तो जोर तुम्ही कॉइलच्या आयुष्यातून घेत आहात. शिवाय हात खटक्यावर हातोड्यासारखा आपटतो आणि बिजागरीची पिन सैल होते.

मालिकेत विरोधक घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तात्पुरता म्हणून चालेल, पण त्याचा विरोध कॉइल आणि बल्ब दोन्ही धरून काढावा लागतो, तो चांगलाच तापतो, आणि खांबाच्या आत कापडी अस्तराजवळ गरम वस्तू ठेवणं आम्हाला पटत नाही. खरा उपाय म्हणजे कॉइल १२ व्होल्टसाठी गुंडाळून घेणं. हिशेब सरळ आहे : तारेचा छेद निम्मा, वेढे दुप्पट. छेद निम्मा म्हणजे व्यास सुमारे ०.७ पट. मूळ तार ०.५६ मिलिमीटरची निघाली तर नवी ०.४० ची. तांब्याचं एकूण वजन जवळपास तेवढंच भरतं, त्यामुळे कॉइल जुन्याच जागेत बसते, आणि वाइंडरनं हिशेब बरोबर केला का हेही त्याच वजनावरून ताडता येतं. बल्ब मात्र १२ व्होल्टचा घालायला विसरू नका. ६ व्होल्टचा बल्ब पहिल्याच वळणाला जाईल.

प्रश्न : हात वर येतो, दिवा लागत नाही. बल्ब कसा काढायचा तेच समजत नाही. एलईडी घातला तर चालेल का?
– कागल

उत्तर : स्विच देऊन हात वर आणा, बोटानं आडवा धरून ठेवा आणि मग स्विच बंद करा. बंद असलेल्या हाताला नखानं किंवा स्क्रूड्रायव्हरनं उचकटायचं नाही, तो खटक्यात अडकलेला असतो आणि पत्रा वाकतो. लुकास या इंग्रजी कंपनीच्या युनिटला हाताच्या खालच्या बाजूला एक लहान स्क्रू दिसेल. तो काढला की धातूची वरची पट्टी सरकून निघते आणि लांबट, दोन्ही टोकांना टोप्या असलेला बल्ब समोर येतो. काम करताना गाडीखाली जुनी चादर पसरा. तो स्क्रू इतका बारीक आहे की फरशीच्या भेगेत गेला तर संध्याकाळ गेली. पट्टी परत घालताना ती वरच्या दिशेनं सरकवायची, तिच्या बाजू बिजागरीजवळच्या खाचांत बसल्या की मग स्क्रू.

बल्ब ३ वॅटचाच हवा. नंबर प्लेटला लागतो तो ५ वॅटचा बल्ब जाडीला आणि लांबीला मोठा असतो. दाबून बसवलाच तर त्याच्या उष्णतेनं केशरी काच, जी खरं तर काच नसून जुनं प्लास्टिक असतं, वेडीवाकडी होते. त्या प्लास्टिकजवळ गरम डाखणी नेऊ नका, काही जुनी सेल्युलॉइड लगेच पेट घेतात.

नवा बल्ब घालूनही अंधार असेल तर बिजागरीपाशी बघा. तिथून हातात जाणारी बारीक तार प्रत्येक वळणाला दुमडते आणि आवरणाच्या आत तुटते. वरून ती अखंड दिसते, चिमटीत धरून हलकं ओढलं की रबर ताणल्यासारखी लांबते. आत तांबं उरलेलं नसतं. तिच्या जागी अनेक बारीक पदरांची, सिलिकॉन आवरणाची मऊ तार घ्या आणि बिजागरीपाशी थोडी सैल ठेवा. जाड तार घातली तर तीच स्प्रिंगसारखी हाताला वर येऊ देत नाही किंवा मिटू देत नाही. तारेऐवजी संपर्काची पट्टी असलेली युनिटंही असतात, तिथे ती पट्टी नुसती पुसून किंचित वाकवली की पुरतं.

एलईडी जरूर घाला, तो तापत नाही आणि भर दुपारी जास्त उठून दिसतो. केशरी प्लास्टिकमागे केशरी एलईडीच चांगला, निळसर पांढरा फिकट पिवळा दिसतो. साध्या बल्बला आणि कॉइलला प्रवाहाची दिशा चालते कुठलीही, एलईडीला नाही. तुमच्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असेल तर बल्ब उलटा फिरवून बसवून बघा, किंवा दोन्ही दिशांनी चालणारा मागून घ्या.

प्रश्न : खड्ड्यात गाडी आदळली की हात आपोआप बाहेर येतो. आणि हायवेला वेगात असताना बाहेर काढलेला हात स्विच बंद करूनही मिटत नाही.
– निपाणी

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. खड्ड्यात बाहेर येणारा हात म्हणजे खटका बसत नाही. प्लंजर जागेवर पूर्ण परत येत नसेल तर खटका अर्धवट लागतो. साफसफाई वर सांगितली आहे तशीच करा. तरीही राहिलं तर खटक्याच्या पिनेची झीज बघा. पिन एका बाजूला चपटी झालेली असेल तर लेथवाल्याकडून पोलादाची त्याच मापाची करून घ्या. खटक्याची पत्र्याची बाजू वाकवून जमवायचा मोह टाळा, तो पत्रा दुसऱ्या वेळी तुटतो.

वेगात हात न मिटण्याचं कारण वारा. हात मिटतो तो स्वतःच्या वजनानं. समोरचा वारा त्याला मागे दाबतो, बिजागरी एका बाजूला आवळली जाते आणि तेवढं वजन पुरत नाही. वेग कमी झाला की तो खाली येतो. नव्या, घट्ट बिजागरीतही हे थोडंफार होतं, त्यात दोष नाही. कमी वेगातही वरच राहत असेल तर मात्र हात मागच्या बाजूला वाकलेला आहे, बहुधा कुणाच्या तरी कोपराचा किंवा पार्किंगमधल्या सायकलचा धक्का. हात काढून, सपाट लाकडावर ठेवून, लाकडी हातोडीनं सरळ करा. प्लास्टिक आधी काढून.

प्रश्न : हात चालवला की फ्यूज जातो. ३५ अँपिअरचा नवा फ्यूज घालूनही जातो. जास्त मोठा घालू का?
– गडहिंग्लज

उत्तर : मोठा मुळीच नको. जो घातला आहे तोच जास्त आहे. जुन्या लुकास फ्यूजवर लिहिलेले ३५ अँपिअर म्हणजे तो वितळतो तो प्रवाह, सतत सोसायची मर्यादा १७ अँपिअर. आजच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा सतत सोसण्याचा असतो. म्हणजे तुम्ही दुप्पट मोठा फ्यूज घातलात आणि तोही जातो आहे, तेव्हा कुठेतरी तार थेट पत्र्याला टेकते आहे. खांबात शिरतानाच्या भोकातली रबरी ग्रोमेट (तारेभोवतीची कडी) बघा, ती वाळून गळालेली असते आणि कापडी आवरणाची तार पत्र्याच्या धारेवर घासते. फ्यूजऐवजी तिथे एक २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट आहे तोवर तो पूर्ण उजेडात लागतो. तारा एकेक हलवत जा, तो मंदावला तिथे दोष.

दुरुस्तीनंतर मुख्य जागी आजचा १५ अँपिअरचा घाला. दोन्ही हातांच्या वाटेवर त्यांचा स्वतःचा लहान फ्यूज असावा असंही आमचं मत आहे. ॲमीटरनं एका हाताचा प्रवाह मोजा आणि त्याच्या साधारण दीडपट मापाचा घ्या. मोठा फ्यूज तारेला वाचवतो, अडकलेल्या कॉइलला नाही.

प्रश्न : मागच्या गाडीवाल्यांना हा हात काय आहे तेच कळत नाही. कावळा नाक्यावर दोनदा धडक होता होता राहिली. फ्लॅशर (लुकलुकणारे वळणाचे दिवे) लावले तर गाडीचं मूळपण जाईल का? कायद्याचं काय?
– रुईकर कॉलनी, कोल्हापूर

उत्तर : लावा. मूळपणापेक्षा तुमचा आणि मागच्या दुचाकीवाल्याचा जीव मोठा, आणि नीट केलं तर मूळपणही जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वळणाचे दिवे केशरी आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारे अपेक्षित आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले, त्यात क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. तिथे चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नको अशी अट आहे. म्हणून बॉडीला भोकं पाडू नका. बंपरच्या कंसाला पट्टी लावून छोटे केशरी दिवे बसवा, स्पर्धेच्या किंवा प्रदर्शनाच्या दिवशी दोन बोल्ट काढले की गाडी पूर्ववत.

जोडणीत एक चूक हमखास होते. फ्लॅशर युनिट (दिवे लुकलुकवणारी डबी) स्विचच्या आधी घातलं की दिव्यांबरोबर हातही फडफडायला लागतो, आणि त्या आपटण्यानं खटका आठवड्यात खलास होतो. म्हणून स्विचमधून निघणाऱ्या डाव्या-उजव्या तारांवर एकेक रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) घाला. मूळ तार हाताला सरळ जाऊ द्या, रिलेची कॉइल तिच्यावरून चालवा, आणि दिव्यांना वीज फ्लॅशरमधून रिलेच्या संपर्काद्वारे वेगळ्या फ्यूजवरून द्या. मूळ स्विचवर त्यामुळे जवळपास काहीच जादा भार येत नाही. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत बाजारातले बहुतेक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर चालत नाहीत, उलटे जोडले तर जळू शकतात. द्विधातू पट्टीचा जुन्या पद्धतीचा घ्या, त्याला दिशा लागत नाही. त्यावर लिहिलेले वॅट आणि तुमच्या दिव्यांचे वॅट जुळले पाहिजेत. कमी वॅटचे एलईडी लावले तर तो लुकलुकतच नाही.

हे होईपर्यंत उजवीकडे वळताना काच खाली करून स्वतःचा हातही दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी चार महिने उभी असते. हातांसाठी वेगळं काही करावं का?
– राधानगरी रोड, कोल्हापूर

उत्तर : पंधरा दिवसांतून एकदा इग्निशन देऊन दोन्ही हात पाच-सहा वेळा वर-खाली करा, प्रत्येक वेळी एक-दोन सेकंदच. प्लंजर एकाच जागी बसून राहिला की दमट हवेत त्याच्यावर गंजाचं कडं धरतं आणि ऑक्टोबरात हात हलत नाही. खाचेवर चिकटपट्टी लावून ती बंद करू नका, आतला ओलावा आतच कोंडतो. गाडी धुताना प्रेशरचा पाइप खांबाकडे वळवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि झाकण घालायचं तर सुती घाला. प्लास्टिकखाली आपल्याकडच्या जुलै महिन्यात पहाटे खांबाच्या आतून पाणी ओघळतं, ते थेट कॉइलवर येतं.